कोल्हारच्या रस्त्यासाठी कडक बुश

५ जानेवारी २०२५, रविवार

नव्या डायरीचं पहिलं पान काहीतरी चांगलं लिहून सुरू करायचं ठरवलं होतं. ते जमेल असं दिसत नाही.

आज नॅन्सीच्या डोहाळजेवणाला कोल्हारला गेलो होतो. पोरीला सातवा लागला. माझ्या बायकोनं, मरियानं, नेलेली हिरवी साडी तिला शोभली. दारात शांतवनराव उभे होते, म्हणजे आमचे व्याही, जावई जॉयचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. "सलाम, सलाम" करत त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. माणूस गोड आहे, हीच तर अडचण आहे. उद्धट असते तर मला बरं पडलं असतं.

जेवणाआधीची प्रार्थना त्यांनीच केली. बाळासाठी, आईसाठी, चेन्नईला कंपनीच्या कामावर अडकलेल्या जॉयसाठी, इतकंच काय आमच्या प्रवासासाठीही. नॅन्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी प्रार्थना दोन वाक्यांत आमेनवर येते आणि तिनं आजवर कुणाला रडू आलेलं नाही.

मग ते घडलं. आतल्या खोलीतून नॅन्सीनं हाक मारली, "पप्पा." मी "काय गं बाळा" म्हणत खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा. तेवढ्यात शांतवनराव "आलो गं" म्हणाले आणि तिच्या गोळ्यांची डबी घेऊन आत गेले. हाक त्यांना होती. मी तसाच पुढे जाऊन खिडकीतून बाहेर काहीतरी बघायचं सोंग केलं. बाहेर एक शेळी होती. सत्तावीस वर्षं हा शब्द एकट्या माझा होता.

निघताना त्यांच्या घरासमोरच्या गतिरोधकावर आमची लाल गाडी पुढून खडखडली. व्याही खिडकीशी वाकले. "प्रभुदासराव, बुश गेलेले दिसतात. पंधरा फेब्रुवारीला तुम्ही नॅन्सीला न्यायला येणार ना? त्यापेक्षा आम्हीच आणून सोडतो आमच्या गाडीतून. तिला या दिवसांत दणके नकोत."

त्यांची गाडी नवी, पांढरी, उंच आहे. अंगणात उभी असते तेव्हा घर तिच्यामागे लपतं. मी फक्त "बघू" म्हणालो.

पहिल्या बाळंतपणाला लेकीला बापानं न्यायचं असतं. सासऱ्यानं पोचतं करायला ते काय पार्सल आहे? नॅन्सी माझ्याच गाडीतून येईल. लिहून ठेवतो.

७ जानेवारी, मंगळवार

गाडी जॅकवर घेऊन खाली शिरलो. शांतवनराव म्हणाले ते खरं निघालं, याचाच जास्त राग आला.

बुश म्हणजे चाकाला धरणारा लोखंडी हात आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधली रबराची गादी. रस्त्याचा दणका आधी ती खाते, मग उरलेला माणसापर्यंत येतो. पुढचे चारही बुश फाटलेत आणि मागच्या ॲक्सलचे दोन्ही शेंगदाण्याच्या वडीसारखे तुकडे तुकडे झालेत. सोळा वर्षं झाली, त्यांची काय चूक?

गॅरेजला देणार नाही. एकतीस वर्षं लष्कराच्या डेपोत फिटर होतो. मोठमोठे ट्रक या हातांनी उभे केले. अख्ख्या भिंगारला ते माहीत आहे, आणि आता मी चार बुशांसाठी कुणाच्या दारात रांग लावू?

मोबाईलवर बघितलं. दोन प्रकार मिळतात. एक साधे रबराचे, कंपनीतून येतात तसे. दुसरे पॉलीचे, पिवळेजर्द, रबरापेक्षा कितीतरी कडक. गाडी रस्त्याला धरून पळते, बुश वर्षानुवर्षं टिकतात, असं लिहिलंय. शर्यतीच्या गाड्यांना घालतात म्हणे. डेपोत पहिल्या आठवड्यात शिकलेली गोष्ट म्हणजे कडक ते मजबूत. व्याह्यांच्या गाडीला रबराचेच असणार. आपण पिवळे मागवले.

संध्याकाळी नॅन्सीचा फोन आला. पाठ दुखते म्हणाली. "पण आता पप्पांनी मला कापसाची उशी करून आणलीय, पाठीमागे घ्यायला."

मी विचारलं, "कोणत्या पप्पांनी?"

ती हसली. "कोल्हारच्या."

म्हणजे मी आता भिंगारचा झालो.

१३ जानेवारी, सोमवार

पार्सल आलं. मरियानं डबा उघडून बघितला आणि म्हणाली, "आत्ताच खेळणी कशाला मागवली? बाळ तर येऊ द्या."

सोबत इंग्रजीत एक कागद होता आणि पांढऱ्या ग्रीसची बोटाएवढी पुडी. पुडी नमुन्याची असावी. आपल्याकडे डेपोच्या काळापासूनचा ग्रीसचा डबा आहे, आणि बुश बसवायला मला कागद वाचावा लागला तर एकतीस वर्षं पाण्यात. दोन्ही कचऱ्यात टाकले.

१६ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस गंजलेल्या बोल्टांशी मारामारी. चाकाचा डावा लोखंडी हात काढला, पण जुना बुश काही निघेना. शेवटी हॅकसॉनं कापून काढला. सगळेच कापावे लागणार. बोटं सोलली. तरी बरं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सकाळी उठायला कारण आहे.

छगन आला होता. माझ्याच सेक्शनमधला, आता घरामागे लेथ टाकून बसलाय. पिवळा बुश त्यानं अंगठ्यानं दाबून बघितला, दाताखाली धरायचा तेवढा बाकी ठेवला.

"परभुदास, ह्ये लई कडक हाय रं. ट्रकला घालतो का काय?"

"मजबूत आहे."

"मजबूत हाय, पर बसनारं मानूस बी मजबूत लागंल. ट्रकात मानूस न्हाई, माल असतो."

छगनला माझं बघवत नाही. लेथ आहे त्याच्याकडे, पण असलं काम कधी घेतलं नाही त्यानं.

१९ जानेवारी, रविवार

पाळकसाहेबांनी नेमका आजच हेव्यावर उपदेश केला. मरियानं दोनदा माझ्याकडे बघितलं. मी गीतांचं पुस्तक चाळत बसलो.

दुपारी शांतवनरावांचा फोन. "काम कुठवर आलं? राहुरीत माझा एक विद्यार्थी आहे, चांगला मेकॅनिक आहे, सांगू का त्याला?" मी म्हणालो, नको, आम्ही त्याच धंद्यातले. "तसं नव्हे," ते म्हणाले, "मीही एकदा आमच्या जुन्या जीपला हौसेनं..." मी मध्येच ऊस कधी तुटणार ते विचारलं. शिक्षक माणसानं बुशावर मला शिकवायचं म्हणजे अतीच झालं. ते बिचारे उसावर बोलत राहिले.

बिचारे हा शब्द चुकून गेला. खोडत नाही, डायरी घाण दिसते.

२३ जानेवारी, गुरुवार

झालं! सहाच्या सहा बुश घरच्या घरी बसवले. वाइस, दोन गोटी पाने आणि एक लांब बोल्ट, एवढ्यावर. बोल्ट पिळत गेलो तसा बुश आपल्या घरात सरकत गेला. जुनं कसब हातातून जात नाही.

गाडी घेऊन किल्ल्यापर्यंत जाऊन आलो. स्टिअरिंग कसं ताठ झालंय! वळवलं की वळते, क्षणाचा उशीर नाही. खडखड तर औषधालाही उरली नाही. वाटत होतं, तसंच कोल्हार गाठावं, त्या गतिरोधकावरून चार वेळा न्यावी आणि म्हणावं, ऐका आता.

परतताना बाजारातून मरियाला बसवलं. घरी उतरल्यावर ती म्हणाली, "खडखड गेली, पण दणका आला."

मी म्हणालो, नवीन आहे, रुळेल.

"चप्पल रुळते," ती म्हणाली. बायकांना यंत्रातलं काय कळतं.

२६ जानेवारी, रविवार

गाडी कुरकुरायला लागली. प्रत्येक खड्ड्यात जुन्या पाळण्यासारखा आवाज. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारात वळवली तर गायनमंडळातल्या बायका हसल्या. खडखड तरी बरी, ती निदान पुरुषी होती.

छगनला विचारायला जीव धजेना. तो स्वतःच आला. "कंचं ग्रीस लावलं?" मी डबा दाखवला. "ह्याला ह्ये न्हाई चालत. ह्याचं पांडरं येगळं येतं. पार्सलात आसंल की."

पार्सलात होतं आणि कचऱ्यात गेलं, हे त्याला सांगण्यापेक्षा कुरकुर परवडली. तो गेल्यावर मरियानं कपाटाच्या खणातून पुडी आणि कागद दोन्ही काढून माझ्यासमोर ठेवले. कचऱ्यातून उचलून, पुसून ठेवले होते. तेरा दिवस त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

१ फेब्रुवारी, शनिवार

सगळं पुन्हा उघडलं, पांढरं ग्रीस लावलं, पुन्हा बसवलं. कुरकुर बंद. कागदही वाचला. त्यात एक ओळ आहे की या बुशांनी रस्ता 'जास्त जाणवतो'. ती चांगली गोष्ट म्हणून छापली आहे.

उद्या संडे स्कूलच्या मुलांना नाश्ता आमच्याकडून आहे. मरियानं तीस अंड्यांचा ट्रे मागच्या सीटवर ठेवून आणला, नेहमी आणते तसा. घरी येऊन बघतो तर तीन फुटलेली. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, फुटलेली तिन्ही माझ्या बाजूला करून.

"दुकानदारानंच तडकलेली दिली," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि त्याच तिन्हींची भुर्जी मला वाढली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस मोठ्या अक्षरात लिहावा असा आहे.

नॅन्सीचा फोन. म्हणाली, "पप्पा, मी इथं सांगून टाकलंय. मी माझ्या पप्पांच्याच गाडीतून जाणार. तुम्ही माझ्यासाठी एवढी बोटं सोलून घेतली, आईनं सांगितलं मला." मी विचारलं, कोल्हारचे पप्पा काय म्हणाले? "काही नाही म्हणाले. गाडी पुसत होते, ती नुसती पुसत राहिले."

पुसा म्हणावं. आरशासारखी करा.

इतका आनंद झाला की उगाच बाहेर जाऊन आपल्या गाडीच्या टपावर हात फिरवून आलो. मग तिनं सहज सांगितलेलं आठवलं. पाठ आता बसल्यावरही दुखते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खड्ड्यांचा प्रवास जपून, एकदाच काय तो करा.

नगर-मनमाड रस्ता. साठेक किलोमीटर. असो.

१० फेब्रुवारी, सोमवार

गेले सहा दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर खरं लिहावं लागलं असतं.

आज छगनला म्हणालो, गाडी तू चालव. मी मागे बसतो, नॅन्सी बसेल तिथं. त्यानं का म्हणून विचारलं नाही. विळद घाट उतरून राहुरीच्या दिशेनं गेलो. मी पाठीमागे उशी घेतली, मांडीवर पाच किलो पिठाची पिशवी घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसलो. हसण्यासारखंच दिसत असेल. छगन हसला नाही.

पहिल्या खड्ड्यात दणका माकडहाडातून मानेपर्यंत गेला. दुसऱ्यात पिशवी उडाली आणि पोटावर आपटली. खड्डे सोडा, नुसती रस्त्याची खडी तळपायाला कळत होती. मधे रबराची गादी होती तेव्हा ती सगळं गिळत होती, फाटली तरी गिळत होती. मी तिच्या जागी दगड बसवला होता.

राहुरीच्या अलीकडे म्हणालो, थांबव. उतरून रस्त्याकडेला उभा राहिलो.

छगन म्हणाला, "रबराचं टाकू. मी प्रेसवर बशिवतो, फुकाट."

"किती दिवस?"

"आपल्या मॉडेलचा सेट नगरात न्हाई. पुन्याहून आठ दिस तरी लागत्याल. जुनं आसतं तर चार रोज तरी भागलं आसतं."

जुने मी हॅकसॉनं कापलेत.

आणि खोटं कशाला लिहू? हे मला अंडी फुटली त्या दिवशीच कळलं होतं. मरिया 'दणका आला' म्हणाली तेव्हाच कळलं होतं. नॅन्सी माझ्या गाडीतून यायला हवी होती. आरामात यायला हवी, हे त्यात कुठेच नव्हतं. महिनाभर मी त्या पांढऱ्या गाडीवर जळत होतो आणि हिशेबात पोरगी धरायची राहून गेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी शांतवनरावांना फोन केला. तीनदा नंबर काढला आणि बंद केला, मग लावला.

"तुमची गाडी लागेल," मी म्हणालो.

"का, काय झालं?"

"मी कडक बुश घातलेत. पोरीला सोसवणार नाहीत."

आता ते शिकवणार, असं वाटलं. पण त्यांना हसू फुटलं, आणि ते हसू मला लागलं नाही. म्हणाले, "मी तुम्हाला तेच सांगत होतो हो त्या दिवशी. आमच्या जीपला मीही घातले होते. जॉयच्या आईनं सहा महिने जीपमध्ये पाय ठेवला नाही. बाजाराला पायी जायची, पण माझ्याशेजारी बसायची नाही."

"मग पंधराला तुम्ही आणून सोडा," मी म्हणालो.

"छे," ते म्हणाले. "माहेरचं माणूस आल्याशिवाय मी तिला उंबरा ओलांडू देणार नाही. तुम्ही एसटीनं या. किल्ली तुमच्या हातात देतो. बापानंच न्यायचं."

फोन ठेवल्यावर मरियाला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं केलंत." लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, हे ती तिसऱ्यांदा म्हणाली असेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आता संध्याकाळ आहे. नॅन्सी तिच्या जुन्या खोलीत पडली आहे, मरिया तिच्या पायांना तेल लावते आहे. विसरायच्या आत लिहून काढतो.

सकाळच्या एसटीनं कोल्हारला उतरलो. अंगणात पांढरी गाडी धुऊन उभी. विहीणबाईंनी चहा दिला, लाडूचा डबा बांधला. शांतवनरावांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "चाकांत हवा जरा कमी ठेवलीय. मऊ जाईल."

मी किल्ली खिशात टाकली. खरं सांगायचं तर छाती फुगली. मग सहज बोलायचं म्हणून म्हणालो, "तुम्ही सोडायला यायचं म्हणत होता, आता आराम करा."

ते नॅन्सीच्या बॅगेची चेन लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आम्हाला एकटा जॉय. लेक नाही. कुणाच्या दारात जाऊन 'पोरीला न्यायला आलोय' म्हणायची पाळी आमच्यावर कधी आली नाही, प्रभुदासराव. जॉयचं लग्न ठरलं तेव्हापासून तुमचा हेवा वाटतो मला. म्हटलं, न्यायला नाही तर नाही, निदान सोडायला तरी जाऊ."

महिनाभर मी ज्याच्यावर जळत होतो तो माणूस माझ्यावर जळत होता, आणि त्यानं ते बॅगेची चेन लावता लावता सांगून टाकलं. मला डायरी लागते.

निघायच्या वेळी ते म्हणाले, प्रार्थना तुम्ही करा. मी केली, दोन वाक्यांत. 'प्रभू, रस्त्यात आम्हाला सांभाळ. आणि हिला दणका लागू देऊ नकोस.' आमेन म्हणून डोळे उघडले तर नॅन्सी डोळे पुसत होती. माझ्या प्रार्थनेला.

गाडीजवळ गेलो. खिशातली किल्ली काढली, आणि काय झालं कुणास ठाऊक, शांतवनरावांच्या हातात दिली.

"तुम्ही चालवा. रस्ता तुमच्या पायाखालचा आहे."

"अहो, पण न्यायला तर तुम्ही..."

"मी नेतोच आहे. मागे बसून नेतो."

त्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलासारखे घाईघाईनं स्टिअरिंगवर जाऊन बसले, जणू मी विचार बदलीन. खरंच बदलला असता.

गाडी मऊ आहे. मान्य करतो. दारासमोरचा तो गतिरोधक आला कधी, गेला कधी, कळलं नाही. शांतवनराव अशी चालवत होते की मागून बैलगाड्यांनी हॉर्न दिला असता. नॅन्सीची पाठ मात्र अवघडलीच. उशी इकडून तिकडे केली, तरी काही जमेना. मग तिनं उशी काढून खाली ठेवली, कोल्हारची ती कापसाची उशी, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लहानपणी देवळात लांबलचक उपदेश चालला की टेकायची तसंच.

"पप्पा, हलू नका हं," ती म्हणाली. या वेळी कोणत्या, ते विचारावं लागलं नाही. राहुरी यायच्या आत ती झोपली.

पुढे पन्नास किलोमीटर मी तसाच बसलो. हात बधिर झाला, खड्ड्यांपाशी मी आधीच अंग सैल सोडायचो, म्हणजे आलाच तर धक्का माझ्यात मुरावा. चालवत असतो तर यातलं काही मला मिळालं नसतं.

शांतवनराव आरशातून सारखे मागे बघत होते. त्या नजरेत काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, महिनाभर माझ्याही डोळ्यांत तेच होतं. विळद घाटात त्यांनी हळूच विचारलं, "अवघडला असाल. थोडा वेळ थांबू का? मी बसतो मागे, तुम्ही चालवा."

"नको," मी म्हणालो, आणि खांदा हलू दिला नाही.